दुर्लक्षित आपत्तीनंतर परदेशातून मदत मागताना: नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

२२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव येथे व खेड तालुक्यातील पोसरे येथेही डोंगर घरांवर आला. पण चिपळूण आणि तळिये ही नावे राज्यभर पोहोचली, तेव्हा या वाड्यांच्या वाट्याला बातमीच्या शेवटी एखादी ओळच आली. राज्याबाहेर तर चित्र आणखी वेगळे होते. जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यातील महापुराला जेमतेम आठवडा झाला होता, चीनमधील झेंगझोऊ शहर दोन दिवसांपूर्वी बुडाले होते आणि दुसऱ्या दिवशी टोकियो ऑलिंपिकचे उद्घाटन होते. दोन वर्षांनंतर, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, अफगाणिस्तानातील हेरात प्रांतात ६.३ तीव्रतेचे भूकंप झाले, पण त्याच सकाळी इस्रायलवर हल्ला झाला आणि जगाचे कॅमेरे तिकडे वळले.

१९६८ ते २००२ या काळातील सुमारे पाच हजार आपत्तींचा अभ्यास करून असे दाखवून देण्यात आले आहे की, ऑलिंपिकसारख्या मोठ्या बातमीच्या काळात आलेल्या आपत्तीला अमेरिकेची सरकारी मदत मिळण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे मदत मिळाली नाही म्हणजे आपले दुःख कोणाला कळले नाही, असा निष्कर्ष काढून कार्यकर्त्याने खचून जाऊ नये. बातमीची जागा आपल्या हातात नसते. मोजणी, कागदपत्रे आणि योग्य दार या तीन गोष्टी मात्र हातात असतात, आणि दुर्लक्षित आपत्तीत बहुतेक वेळा त्याच कच्च्या राहिलेल्या असतात. गावातील मंडळ, नवी संस्था, ग्रामपंचायतीला मदत करणारे तरुण आणि परदेशी राहून गावासाठी काही करू पाहणारी मराठी माणसे, यांच्यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी: मागण्याचा अधिकार कोणाचा, हे समजून घ्यावे

आंतरराष्ट्रीय मदतीची आजची चौकट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९१ मध्ये संमत केलेल्या ४६/१८२ क्रमांकाच्या ठरावावर उभी आहे. मानवतावादी मदत बाधित देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्या देशाच्या आवाहनावरून द्यावी, असे तो ठराव सांगतो. म्हणजे जगाकडे अधिकृतपणे मदत मागणे हे देशाच्या सरकारचे काम आहे. भारत सरकारचे धोरण याबाबत स्पष्ट आहे. २००४ च्या त्सुनामीपासून भारताने आपत्तीनंतर परदेशी सरकारांकडे मदतीचे आवाहन करणे थांबवले, आणि २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन योजनेत तसे लिहूनही ठेवले. एखाद्या देशाने सदिच्छेने स्वतःहून मदत देऊ केली, तर ती स्वीकारायची की नाही हे केंद्र सरकार ठरवते. २०१८ च्या केरळ महापुरात परदेशी सरकारांची मदत नाकारली गेली, मात्र अनिवासी भारतीय, भारतीय वंशाच्या व्यक्ती आणि परदेशी प्रतिष्ठाने यांच्या देणग्यांचे मुख्यमंत्री निधीत स्वागतच असल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले.

यातून नवख्या कार्यकर्त्याने घ्यायचा बोध असा की, दूतावासांना आणि परदेशी मंत्र्यांना पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये. असे पत्र फार तर परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवले जाते, आणि वाईटात वाईट म्हणजे जिल्हा प्रशासनाशी असलेले आपले संबंध बिघडवते. आपले आवाहन परदेशी सरकारांसाठी नसून परदेशातील संस्था, प्रतिष्ठाने आणि माणसे यांच्यासाठी आहे, हे मनाशी पक्के करावे आणि तसे लिहिण्याआधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला एका पानाचे पत्र देऊन कळवावे. त्या पत्राची पोच पुढे फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी: पैसा कोणत्या दाराने येणार, ते आधी ठरवावे

बहुतेक नवे लोक आधी आवाहन लिहितात, समाजमाध्यमांवर कोणाचा तरी क्यूआर कोड टाकतात आणि परदेशातून पैसे येऊ लागल्यावर कायद्याची चौकशी करतात. हा क्रम उलटा आहे. परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१०, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेऊन ते संस्थेला देणे ही तर सरळसरळ अडचण ओढवून घेण्याची वाट आहे.

येथे एक बारकावा आहे. परदेशी स्रोत ठरतो तो देणाऱ्याच्या नागरिकत्वावरून, राहण्याच्या ठिकाणावरून नव्हे. भारतीय पारपत्र बाळगणारा पुतण्या दुबईहून स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत देणगी देतो तेव्हा ते परदेशी अंशदान ठरत नाही. मात्र त्याच्या पारपत्राची प्रत संस्थेने दप्तरी ठेवावी. न्यू जर्सीतील आत्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले असेल, तर तिच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी तिची देणगी परदेशी अंशदानच असते. म्हणून देणगीच्या अर्जावर पहिला प्रश्न नागरिकत्वाचा ठेवावा. नातेवाइकांना तो विचारताना अवघडल्यासारखे होते, पण लेखापरीक्षणाच्या वेळी त्याहून जास्त अवघडायला होते.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी लागते आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत तिने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नव्या संस्थेसाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. ती ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रकमेपुरती मिळते आणि त्यासाठी देणगीदाराचे वचनपत्र जोडावे लागते. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यांत ती हाती येण्याची आशा धरू नये. घरबांधणी किंवा शाळा उभारणी यांसारख्या पुढच्या कामांसाठी तिचा विचार करावा. दोन्ही प्रकारांत परदेशी पैसा आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे.

त्याच दुरुस्तीतील आणखी एक तरतूद छोट्या मंडळांना सर्वाधिक बाधते. नोंदणीकृत संस्थेला आलेले परदेशी अंशदान आता दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वर्ग करता येत नाही. ‘तुमच्या खात्यावर घ्या आणि आम्हाला द्या’ हा पूर्वीचा सर्रास चालणारा व्यवहार त्यामुळे संपला आहे. यावर वाट अशी की, नोंदणीकृत संस्थेने स्वतः खरेदी करावी, स्वतःच्या नावाने बिले घ्यावीत आणि स्वतः वाटप करावे. मंडळाने लाभार्थ्यांच्या याद्या, स्वयंसेवक, गोदामासाठी जागा आणि गावाची माहिती द्यावी. हे सारे एका साध्या लेखी करारात, कोण काय करणार अशा तपशिलासह लिहून ठेवावे. पैसा आपल्या हातातून जाणार नाही याचे काही मंडळांना वाईट वाटते. मला विचाराल तर पहिल्याच आपत्तीत ते ओझे अंगावर नसलेले बरे.

याखेरीज आणखी काही दारे आहेत. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला एफसीआरएची मान्यता मिळाल्यामुळे परदेशी नागरिक आणि संस्था यांना तेथे थेट देणगी देता येते. मात्र तो पैसा राज्याच्या प्राधान्यक्रमाने खर्च होतो, तुमच्याच वाडीवर होईल असे नाही. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे १९८५ पासून एक आपत्कालीन निधी आहे आणि ज्या लहान-मध्यम आपत्तींसाठी जागतिक आवाहन निघत नाही, त्यांच्यासाठीही तो वापरला जातो. मागणी राष्ट्रीय रेडक्रॉस संस्थेनेच करायची असते. त्यामुळे आपली माहिती जिल्हा शाखेमार्फत वर जायला हवी. या शाखेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि पहिल्या पायरीवर दिलेले ते एक पान येथे कामी येते. ‘स्टार्ट फंड’ हा २०१४ पासूनचा निधी तर नजरेआड राहणाऱ्या संकटांसाठीच काढलेला आहे. त्याच्या सदस्य संस्थेने सूचना दिल्यावर सुमारे ७२ तासांत मदत देण्यावर त्याचा भर असतो. तुम्ही सदस्य नसाल. पण तुमच्या भागात काम करणारी एखादी मोठी संस्था असू शकते, आणि तिला सूचना देण्यासाठी लागणारी माहिती तुमच्याकडेच असते. संयुक्त राष्ट्रांचा सीईआरएफ हा केंद्रीय आपत्कालीन निधी मात्र फक्त संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनाच मिळतो, म्हणून त्याच्या मागे लागू नये. युनिसेफचे कार्यालय मुंबईत आहे आणि मुलांचे पोषण, पाणी व शाळा या विषयांवर ते राज्य शासनाबरोबर काम करते. तेथे मागणीपत्रापेक्षा नेमकी माहिती पाठवावी.

तिसरी पायरी: मोजणी

माळीणची आठवण येथे काढावीशी वाटते. ३० जुलै २०१४ रोजी गाव डोंगराखाली गेल्याचे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळले ते एसटीच्या एका चालकामुळे. नेहमीच्या ठिकाणी गाव दिसत नाही, हे त्याने पाहिले आणि कळवले. कुठे, केव्हा आणि काय नाहीसे झाले, एवढेच त्याने सांगितले. आपल्या पहिल्या अहवालात याहून जास्त शोभा नको, फक्त त्यात आकडे हवेत.

मोजणी वाडीवार करावी, गाववार नव्हे. कारण गावाचा आकडा मोठा असला की डोंगरावरच्या वाडीचा आकडा त्यात बुडून जातो. प्रत्येक वाडीसाठी कुटुंबे आणि माणसे वेगळी मोजावीत. मृत, बेपत्ता आणि जखमी यांचे तीन स्वतंत्र रकाने असावेत. इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. हे दोन आकडे कोणी एकत्र केले, कोणी वेगळे दिले, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ झाला. पूर्ण पडलेली आणि अंशतः पडलेली घरे, घर सोडावे लागलेली माणसे आणि ती सध्या कोठे राहत आहेत, हेही लिहावे. ‘बाधित’ हा शब्द एकटा कधीही वापरू नये. शेतात पाणी आलेलाही बाधित आणि छप्पर गेलेलाही बाधित. परदेशातील वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

माहिती मिळवताना तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्याकडे सगळेच जातात. पण सहा वर्षांखालील मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांचा सर्वांत भरवशाचा हिशेब अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत असतो, आणि कोणाची रक्तदाबाची किंवा क्षयरोगाची औषधे वाहून गेली हे आशाताईंना माहीत असते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नसलेली घरे आवर्जून शोधावीत. कातकरी वस्त्या, गायरानावरच्या झोपड्या, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्यांची बंद घरे, एकाच उताऱ्यावर राहणारे तीन भाऊ, अशी कुटुंबे पंचनाम्यात हमखास सुटतात. पावसाचा आकडाही तपासून घ्यावा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी हा निकष महसूल मंडळाच्या नोंदीवर लावला जातो. पर्जन्यमापक पायथ्याला असेल तर वरच्या वाडीत काय कोसळले ते त्याला दिसलेले नसते. अशा वेळी शासकीय आकडा जसाच्या तसा द्यावा आणि वाडीतील निरीक्षण त्याच्या शेजारी वेगळे नोंदवावे. दोन्हींची भेसळ करू नये.

प्रत्येक आकड्यापुढे तारीख, वेळ आणि तो कोणी दिला हे असलेच पाहिजे. मी लिहिलेल्या पहिल्या आवाहनात घरांचा आकडा ६२ होता, तीन दिवसांनी पाठवलेल्या पत्रात ८९, आणि छायाचित्राखालच्या मजकुरात ‘शंभरावर’. तिन्ही आपापल्या दिवशी खरे होते. पण एकावरही तारीख नव्हती, आणि देणगीदाराने फक्त एवढेच विचारले की यातला कोणता धरायचा. त्या प्रश्नाचे उत्तर जुळवण्यात दहा दिवस गेले.

या मोजणीचा आणखी एक उपयोग आहे. बेल्जियममधील एका विद्यापीठात ठेवल्या जाणाऱ्या ‘ईएम-डॅट’ या जागतिक नोंदीत येण्यासाठी दहा मृत्यू किंवा शंभर बाधित माणसे यांसारखे साधे निकष आहेत. तसेच अनेक आपत्तींना ‘ग्लाइड’ नावाचा एक ओळख क्रमांक दिला जातो. असा क्रमांक मिळाला असेल तर तो आवाहनावर ठळकपणे लिहावा, कारण परदेशातील संस्था त्याच क्रमांकाने कागदपत्रे शोधतात. दिल्लीतील ‘स्फिअर इंडिया’ हा संस्थांचा मंच अनेक आपत्तींनंतर संयुक्त गरज-पाहणी करतो; अशी पाहणी होणार असल्यास स्वतंत्र पाहणीचा हट्ट सोडून तीत सामील व्हावे.

चौथी पायरी: काय मागायचे ते मोजून मागावे

‘शक्य तेवढी मदत करावी’ या वाक्यावर कोणीही धनादेश लिहीत नाही. मदतकार्यात जगभर मानले जाणारे स्फिअरचे किमान निकष येथे आधाराला घ्यावेत: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा, वीस माणसांमागे एक शौचालय आणि माणशी सुमारे २१०० किलोकॅलरी आहार. शाळेत ३०० माणसे राहत असतील, तर रोज ४५०० लिटर पाणी लागते. १०,००० लिटरच्या टँकरची एक फेरी दोन दिवस पुरते. आणि पंधरा शौचालये हवी असताना शाळेत चार असतील, तर अकरांची तूट आहे. शासन काय देत आहे, इतर संस्था काय देत आहेत आणि उरलेली तूट किती, या क्रमाने हिशेब मांडावा. शासनाचे काम झाकून ठेवल्याने आपली गरज मोठी दिसेल असे काहींना वाटते, पण परदेशी संस्था ते पडताळून पाहतातच.

वस्तू मागू नयेत, हा माझा आग्रह आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते आणि ते उचलण्याचे नवेच काम प्रशासनामागे लागले. भांडी, ताडपत्री, चटई, सौर दिवा हे सारे कोल्हापूर, भिवंडी किंवा मालेगावात मिळते आणि तेथून आणले तर दोन दिवसांत पोहोचते. औषधे कोणी पाठवतोच म्हणाला, तर ती पोहोचताना मुदत संपायला किमान एक वर्ष शिल्लक असावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक त्याला सांगावा.

पाचवी पायरी: आवाहन लिहावे

दोन पाने पुरेशी आहेत. आधी मराठीत लिहून गावातील चार जाणत्या माणसांना वाचून दाखवावे आणि मगच इंग्रजी करावे. इंग्रजीत थेट लिहिलेल्या मजकुरातील चुका गावात कोणाला पकडता येत नाहीत. सुरुवात अशी असावी:

“दिनांक … रोजी पहाटे … वाजता … जिल्ह्यातील … तालुक्यातील … वाडीवर दरड कोसळली. दिनांक … सायंकाळी … वाजेपर्यंत तहसील कार्यालयाच्या नोंदीनुसार … जणांचा मृत्यू झाला असून … जण बेपत्ता आहेत. … कुटुंबांतील … व्यक्ती … येथील शाळेत राहत आहेत. शासनाकडून धान्य आणि वैद्यकीय पथक मिळाले आहे. पुढील साठ दिवसांसाठी पाणी, शौचालये आणि तात्पुरता निवारा यांत … इतकी तूट असून तिच्यासाठी … रुपये लागतील.”

त्यानंतर खर्चाचा तक्ता, पैसा स्वीकारणाऱ्या संस्थेचे नाव आणि एफसीआरए नोंदणी क्रमांक, बँकेचा तपशील, दोन संपर्क आणि पुढचा अहवाल कोणत्या तारखेला येईल हे लिहावे. वाडीचे अक्षांश-रेखांश द्यावेत. एकाच नावाची गावे महाराष्ट्रात डझनाने आहेत. ‘हृदयद्रावक’, ‘अभूतपूर्व’, ‘होत्याचे नव्हते’ हे शब्द काढून टाकावेत. छायाचित्रे तीन-चारच असावीत, संमतीने घेतलेली असावीत, आणि त्यांत मृतदेह किंवा रडणाऱ्या मुलांचे चेहरे नसावेत. खचलेला रस्ता, भिंतीवरची पाण्याची खूण आणि शाळेच्या वर्गात मांडलेल्या चुली यांतून परिस्थिती पुरेशी कळते. लाभार्थ्यांची नावनिशीवार यादी कधीही जाहीर करू नये.

सहावी पायरी: पाठवणे आणि पाठपुरावा

परदेशातील महाराष्ट्र मंडळे हा आपला खरा आधार आहे. मात्र देणाऱ्याला तिकडे करसवलत हवी असते आणि ती त्याच देशात नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला देणगी दिल्यासच मिळते. ब्रिटनमध्ये तर ‘गिफ्ट एड’मुळे दर पौंडामागे शासन २५ पेन्स भर घालते. म्हणून परदेशातील मंडळाने तिकडच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत पैसा गोळा करावा आणि त्या संस्थेने तो येथील एफसीआरए संस्थेकडे पाठवावा. पत्र अध्यक्षांच्या नावाने न पाठवता त्या मंडळात आपल्या तालुक्याचा कोण आहे ते शोधून त्याला पाठवावे आणि फोन करावा. कोकणातल्या माणसाला आंबेघर नकाशावर दाखवावे लागते, पण पाटणच्या माणसाला नाव ऐकताच तिथला घाट दिसतो.

पहिला अहवाल ४८ तासांत, दुसरा आठवड्याने आणि तिसरा महिन्याने पाठवावा, त्या वेळी नवे पैसे मागायचे नसले तरीही. आकडे कमी झाले असतील तर तेही लिहावे. खर्चाची बिले, वाटपाच्या सह्या किंवा अंगठे आणि बँकेची विवरणे यांची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी. नोंदणीकृत संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, एफसी-४ हे विवरणपत्र भरावे लागते आणि तेव्हा नोव्हेंबरात पावत्या शोधत वाडीवर चढण्याची वेळ येऊ नये.

अंतिम अहवाल देणगीदाराला पाठवण्याच्या आधी तो ग्रामसभेत वाचावा. किती ताडपत्र्या आल्या आणि कोणाला मिळाल्या, हे गावाला तोंडपाठ असते. तेथे कोणी हात वर करून ‘आमच्या आळीला मिळाली नाही’ असे म्हटले, तर ती नोंद अहवालात घालावी, शिल्लक रकमेतून ती तूट भरावी आणि मगच कागद बाहेर पाठवावा.